‘वसल’ला मराठीत काय म्हणावं?

वर्षावासात (पावसाळ्यातल्या तीन महिन्यांत) आमच्या विहारात दर रविवारी सुत्तनिपात या पाली बौद्ध ग्रंथातलं एक सुत्त, म्हणजे बुद्धांचा उपदेश, मराठीतून वाचतो. या खेपेला वसलसुत्त माझ्याकडे आलंय. ‘न जच्चा वसलो होति, न जच्चा होति ब्राह्मणो’ (जन्माने कुणी वसल होत नाही, जन्माने कुणी ब्राह्मण होत नाही) ही ओळ सगळ्यांना पाठ असते, पण ‘वसल’ला शब्द काय द्यायचा यावर अडलोय. एका जुन्या वहीत कुणीतरी ‘चांडाळ’ लिहून ठेवलंय. तोंडातून निघवत नाही. दुसरं काही सुचवाल का?

प्रतिसाद १

वसल म्हणजे संस्कृतातला वृषल. ऋ चा अ आणि ष चा स झाला, जसा वृषभचा पालीत वसभ होतो. मराठीतही मृत्तिकेची माती आणि तृणाचं तण असंच झालंय. शब्द फार जुना आहे. ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तात हरलेला जुगारी शेवटी विस्तवाशेजारी येऊन पडतो, तिथे त्याला वृषल म्हटलंय. मुद्राराक्षस या संस्कृत नाटकात चाणक्य खुद्द चंद्रगुप्ताला ‘वृषल’ अशी हाक मारतो. त्यामुळे कोशात ‘शूद्र’ हा अर्थ सापडतो खरा, पण नुसता तो देऊन भागत नाही. शब्दात जातही आहे आणि शिवीही आहे.

प्रतिसाद २

चांडाळ तर मुळीच नको, आणि कारण सुत्तातच आहे. शेवटाकडे बुद्ध मातंगाचं उदाहरण देतात, ‘चण्डालपुत्तो सोपाको’. म्हणजे जन्माने चांडाळ, पण असा थोर की क्षत्रिय-ब्राह्मण त्याच्या सेवेला येत. वसलला चांडाळ म्हटलंत तर वाक्य होईल, ‘चांडाळपुत्र मातंग चांडाळ नव्हता’. ऐकणारा चक्रावेल. शिवाय चांडाळ हे माणसांच्या एका समूहाचं नाव होतं आणि आपण आजही बिनदिक्कत ‘चांडाळचौकडी’ म्हणतो. राज्य सरकारने २०२० साली वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं, पण शिव्यांचं काय?

‘पतित’ही टाळा. १९३१ साली रत्नागिरीला उभ्या राहिलेल्या देवळाचं नाव पतितपावन आहे. तिथले ‘पतित’ जन्मावरूनच ठरवलेले होते.

प्रतिसाद ३

मी म्हणेन ‘हलकट’. अस्सल मराठी, जातीचा वास नाही. ‘जन्माने कुणी हलकट होत नाही.’ बघा, कसं खणखणीत वाटतं!

प्रतिसाद २, पुन्हा

खणखणीत आहे, पण गंमत जाते. हे सुत्त ज्या अग्निक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाला सांगितलं त्याने शिवी जन्मावरून दिली होती. श्रावस्तीत होमाची तयारी चाललेली, समोरून भिक्षेला येणारे बुद्ध दिसले, तर म्हणाला, ‘तत्रेव मुण्डक, तत्रेव समणक, तत्रेव वसलक तिट्ठाहि’. म्हणजे ए मुंडक्या, ए श्रमणा, ए वसला, तिथंच थांब. तिन्ही शब्दांच्या शेवटचा ‘क’ हिणवणारा आहे, आपल्या ‘म्हातारडा’, ‘भिकारडा’तल्या ‘डा’सारखा. बुद्ध चिडत नाहीत. एवढंच विचारतात, ‘वसल कोण, हे तुला ठाऊक आहे का?’ त्याला सांगता येत नाही. मग बुद्ध तोच शब्द उचलून त्यात आचरणाचा अर्थ भरतात. म्हणजे मराठी शब्दही दोन्ही डगरींवर उभा राहणारा हवा. तसा एकच आहे: नीच. ‘उच्चनीच’ म्हणताना तो जन्माचा असतो, ‘नीच माणूस’ म्हणताना वागण्याचा.

प्रतिसाद १, पुन्हा

नीच पटलं. एक भर घालतो. वृषलची आचरणावरून व्युत्पत्ती मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही आहे. वृष म्हणजे धर्म, त्याला जो ‘अलम्’, म्हणजे पुरे, म्हणतो तो वृषल. फरक असा की तिथे जन्मावर ठरलेली उतरंड जागची हलत नाही. इथे ती नाकारण्यासाठीच व्याख्या केलीय.

आणि वाचताना दोन शब्द जपा. ‘जच्चा’ म्हणजे जन्माने. पालीत ‘जाति’चा मूळ अर्थ जन्म. (हिंदीतल्या जच्चा-बच्चाशी याचा काही संबंध नाही. एकदा एकाने भर सभेत लावला होता, म्हणून सांगतो.) दुसरा ‘कम्मना’. त्याचं नुसतं ‘कर्माने’ केलंत तर मराठी माणसाला मागच्या जन्माचे भोग आठवतात आणि सगळं उलटंच होतं. ‘करणीने’ही नको, लोक लिंबू-मिरचीकडे जातील. सरळ ‘वागण्याने’ म्हणा.

मूळ धागाकर्ता

काल वाचन झालं. ‘नीच’ घेतला, पण अग्निकाच्या तोंडचा ‘वसलक’ तसाच ठेवला आणि अर्थ आधी सांगितला. ‘जन्माने कोणी नीच होत नाही, जन्माने कोणी ब्राह्मण होत नाही, वागण्याने नीच होतो, वागण्याने ब्राह्मण होतो.’

गंमत म्हणजे शब्दावर कुणी काहीच बोललं नाही. पैशासाठी खोटी साक्ष देणारा, ऐपत असून म्हाताऱ्या आईबापांना न पोसणारा, हे सगळे शांतपणे ऐकून घेतले. पण ‘यो हवे इणमादाय चुज्जमानो पलायति’ आलं, म्हणजे कर्ज घेतो, मागायला गेलं की ‘तुझं काही देणं लागत नाही’ म्हणून पळतो, आणि बायकांच्या बाजूने हशा उसळला. बचत गटाच्या अध्यक्ष मावशींनी मला थांबवलं. म्हणाल्या, ‘दादा, ही गाथा परत वाचा. आणि जरा मोठ्यांदा, मागं बसलेत त्यांना ऐकू जाऊ दे.’