मदत हवी आहे : बहिणीचा एनपीटेलचा कोर्स मध्येच अडकलाय
नमस्कार मंडळी, धाकटी बहीण बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, तिने स्वयमवर (सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) एनपीटेलचा (आयआयटी वगैरेंचा ऑनलाइन शिकवण्याचा उपक्रम) पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा १२ आठवड्यांचा कोर्स घेतलाय. शिकणं फुकट, फी फक्त सेंटरवर जाऊन द्यायच्या परीक्षेला, आयआयटीचे सर घरबसल्या शिकवतात म्हणून आम्ही घरचे सगळे जाम खुश होतो. पण पाचव्या आठवड्यात गाडी अडली, लेक्चर इंग्रजीत, हिची दहावीपर्यंत मराठी मीडियम, आणि शंका कोर्सच्या ऑनलाइन फोरमवर लिहून विचारायची तर हजारो मुलांसमोर ती बिचकतेच. असाइनमेंटचे २५ न परीक्षेचे ७५ मार्क, दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं, त्यामुळे आठवडे बुडाले की टेन्शन येतं. कुणी असा कोर्स पूर्ण केलाय का? मराठीत शंका सोडवणारं कुणी असेल तर प्लीज सांगा, पोरगी खरंच मेहनती आहे हो.