शाडूची मूर्ती स्वतः केल्याने मन शांत होतं का? कुणाला अनुभव आहे?

अबोली_ठाणे:
नमस्कार. मार्चमध्ये बाबा गेले, आता घरात आई आणि मी दोघीच. कशातच मन लागत नाही, जपाला बसलं तरी लगेच उठावंसं वाटतं. गणपती बाबाच आणायचे, यंदा मूर्ती शाडूची आणि स्वतःच्या हाताने करावी असं फार वाटतंय, पण काकू म्हणते वर्ष व्हायचंय आणि रडत रडत देव घडवायचा का. मातीकाम कधीच केलेलं नाही. कुणी दुःखात असताना असं काही केलंय का?

हमरापूरची_सून:
ताई नक्की करा. आमचा पेणजवळ कारखाना आहे, सासरे गेले त्या वर्षी सासूबाई रोज आमच्यासोबत मातीत बसायच्या, बोलायच्या नाहीत पण हात चालू असायचे आणि मग हळूहळू जेवायला लागल्या. शाडू कणकेसारखा मऊ मळा, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा. पाट, मांड्या, पोट असं खालून वर जा. हात आणि सोंड जोडताना पातळ माती लावा नाहीतर सुकताना सुटतात, आणि उन्हात अजिबात ठेवू नका, तडे जातात, सावलीतच वाळू द्या. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, ज्या दिवशी मन स्थिर असेल त्याच दिवशी.

निशिगंध:
रडू आलं म्हणून दोष कसला? प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती मातीच असते, मोडली तर परत मळायची. हरतालिकेला बायका वाळूची पिंडी स्वतःच करतात ना, घडवणं हीसुद्धा पूजाच आहे असं मी मनापासून मानते. वर्षाचं मात्र घरोघरी वेगळं असतं, तुमच्या गुरुजींना विचारा, दीड दिवसाचा साधा गणपतीही बसवता येईल. विसर्जन घरीच बादलीत करा, स्वतः घडवलेलं स्वतःच्या हाताने सोडणं जड जाईल पण मला तरी त्यानेच मोकळं वाटलं होतं.

मनमोकळी:
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आम्ही पेशंटना माती देतो कारण दोन्ही हात गुंततात, दाब द्यावा लागतो, थंड ओला स्पर्श असतो, त्यामुळे लक्ष डोक्यातल्या विचारांवरून हातांकडे येतं आणि शब्द सापडत नसले तरी चालतं. मूर्ती सुबक झाली नाही तरी काही बिघडत नाही. पण झोप, जेवण पार उडालं असेल तर नुसत्या मातीवर राहू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

अबोली_ठाणे:
सगळ्यांचे खूप आभार, वाचताना रडले. आईलाही सोबत बसवते. सहा इंची मूर्तीला किती शाडू आणू?

हमरापूरची_सून:
पाच किलोची पिशवी घ्या, दोघींना पुरून उरेल. उरलेला वाळला तरी टाकू नका, भिजवला की परत वापरता येतो. आणि विसर्जनाआधी मूर्ती आतपर्यंत वाळलेली हवी, ओलसर राहिली तर पाण्यात लवकर विरघळत नाही, म्हणून श्रावणातच करायला घ्या.