'गिल्ट ट्रिप'ला मराठीत काय म्हणाल?

सांजवात: एका मालिकेची उपशीर्षकं करतेय. मुलगी आईला म्हणते, 'डोन्ट गिल्ट-ट्रिप मी.' मी लिहिलं, 'मला अपराधी वाटायला लावू नकोस.' तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, असं कुठली मुलगी बोलते? खरंय. पण मग काय बोलते? 'भावनिक ब्लॅकमेल' नकोय. त्यात धमकी असते, इथे नुसता उसासा आहे.

बारा_गावचं_पाणी: 'अपराधगंड देऊ नकोस.' न्यूनगंड, अहंगंड चालतात, मग हा का नको?

शेवंती: गंड मुरलेला असतो हो दादा, तो कुणी हातात आणून देत नाही. माझ्या आईचं ऐका. गणपतीला जमणार नाही म्हणून फोन केला. 'बरं,' म्हणाली. मग भांड्यांचा आवाज. मग, 'एकवीस करणार होते, आता अकराच करते मोदक. माझं मेलीचं काय, वरणभातावरही भागेल.' आम्ही भावंडं याला 'मेलीचं काय करणं' म्हणतो. हल्ली मीही नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवते. पहिल्या वर्षी रात्रभर झोप नव्हती. यंदा लागली.

जुना_कारकून: शब्द आहे की, त्रागा! आज आपण चिडचिडीला म्हणतो. काठेवाडातले चारण, म्हणजे कवनं रचणारी जमात, लोकांच्या व्यवहारांना जामीन राहत. समोरच्यानं शब्द मोडला की स्वतःवरच वार करून घेत, पाप त्याच्या माथी. तो त्रागा. धरणंही त्याच जातीचं: सावकार कुळाच्या दारात उपाशी बसायचा. उभी हयात कोर्टात गेली म्हणून सांगतो, १८६०च्या दंडसंहितेत कलम ५०८ खाली हा गुन्हा होता आणि त्यातला पहिला दाखला धरण्याचाच. दुसरा, 'ऐकलं नाहीस तर माझंच मूल मारीन' म्हणणाऱ्याचा.

बारा_गावचं_पाणी: काका, आज 'त्रागा नको' म्हटलं तर आई म्हणेल, मी कुठे आदळआपट केली?

जुना_कारकून: अर्थ तुम्ही पातळ करायचा आणि शिक्षा शब्दाला?

पैलतीर: 'मिंधं करू नकोस' कसं वाटतं? 'शरमिंदा'तून आलाय, म्हणजे शरम आतच आहे.

शेवंती: मिंधेपणाला आधी उपकार लागतो.

पैलतीर: 'नऊ महिने पोटात वाढवलं' हे मग काय असतं ताई?

बारा_गावचं_पाणी: म्हणजे शेवटी फारसीच.

शेवंती: मग इंग्रजीनं काय घोडं मारलंय? माझी पुतणी सरळ 'गिल्ट देऊ नकोस' म्हणते. आजीला. आजीला कळतंही.

बारा_गावचं_पाणी: कळतं म्हणून मराठी होत नाही.

सांजवात: मंडळी, फाईल रात्री द्यायची आहे. तूर्त 'मला ओशाळं करू नकोस' लिहिलंय.

जुना_कारकून: ओशाळं नव्हे, ओशाळवाणं.

पैलतीर: अहो, दोन्ही चालतं.