अनेकार्थी शब्दांसाठी वर्गात मतदान : बहुमताचा अर्थच बरोबर, हा समज कसा टाळावा?

प्रश्न : मराठी शिक्षिका, पंचवटी

सातवीला अनेकार्थी शब्द शिकवताना यादी लिहून देण्याऐवजी मी मतदान घेतले. फळ्यावर केवळ ‘घाट’ एवढेच लिहिले आणि मनात आधी कोणता अर्थ आला, त्यासाठी हात वर करायला सांगितले. आमची बरीच मुले गंगेवरूनच, म्हणजे गोदावरीच्या काठावरूनच, शाळेत येतात, त्यामुळे बहुतेक हात नदीच्या घाटासाठी वर गेले, थोडे कसारा घाटासाठी. एका तांबटाच्या मुलीने ‘भांड्याचा घाट’ म्हणून एकटीने हात वर केला आणि आजूबाजूला पाहून लगेच खाली घेतला. तो अर्थ वर्गात तिलाच ठाऊक होता, आणि नेमकी तीच आपण चुकलो असे समजून बसली. हे कसे टाळावे?

उत्तर : माध्यमिक शिक्षक, सिन्नर

ताई, हात वर करायला लावूच नका. डोळे मिटून छातीशी एक, दोन किंवा तीन बोटे धरायला सांगितली, की कोणी कोणाचे पाहून मत बदलत नाही. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली पद्धतही येथे उपयोगी पडते : विद्यार्थी आधी एकट्याने मत देतात, मग शेजाऱ्याशी चर्चा करतात आणि त्यानंतर पुन्हा मत देतात. मात्र त्यांच्या प्रश्नाला बरोबर उत्तर असते, तसे सुट्या शब्दाला नसते. म्हणून दुसऱ्या फेरीत शब्द वाक्यात घालावा. ‘मामांनी लग्नाचा घाट घातला’ हे वाक्य दिले, की पायऱ्या, डोंगर आणि भांडे हे तिन्ही अर्थ एकदमच बाद होतात आणि बहुमतालाही नव्याने विचार करावा लागतो.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापिका, नाशिकरोड

सरांच्या म्हणण्यात एका फेरीची भर घालते. अर्थ फळ्यावर आले, की ‘हे अर्थ एकमेकांच्या नात्यातले वाटतात की परके?’ यावर मत घ्यावे. नदीत उतरण्याच्या पायऱ्या आणि डोंगर उतरण्याची वाट यांतील चढउताराचे नाते मुलांना आपोआप सापडते. पण सोमवारातला वार, तलवारीचा वार आणि नऊवारीतला तीन फुटांचा वार यांत असे नाते शोधूनही हाती लागत नाही. माझ्या मते खरा अभ्यास या फेरीत होतो, कारण येथे मुलांना मतामागचे कारण सांगावेच लागते. एक पथ्य पाळावे : पर्याय आपण देऊ नयेत, मुलांकडून घ्यावेत, नाहीतर आपल्याला न सुचलेला अर्थ मतदानात येतच नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचीही मनापासून आभारी आहे. पुढच्या तासाला बोटांनीच मतदान घेईन. त्या मुलीला घरून एक कळशी आणि एक तांब्या आणायला सांगितले आहे. दोन्हींचा घाट वेगळा कसा, हे तीच वर्गाला दाखवणार आहे.