मदत हवी आहे: टॅबलेट हॉटस्पॉटला जोडला जातो, पण इंटरनेट येत नाही

टॅबलेट फक्त वायफायचा, सिम नाही. अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असताना टॅबलेटला त्याचं नावच दिसत नव्हतं, कारण तो २.४ वरच चालतो. बँड बदलल्यावर जोडला गेला. आता ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ येतंय. आयपी पत्ता १९२.१६८ चा मिळतोय, तारीख-वेळ बरोबर आहे, प्रायव्हेट डीएनएस आणि व्हीपीएन बंद आहेत. फोनवर मात्र डेटा व्यवस्थित चालतो. यूएसबी टेदरिंगने (केबलने फोनचं इंटरनेट देऊन) लॅपटॉप जोडला तरी तेच, त्यामुळे दोष टॅबलेटचा वाटत नाही.

माझा संशय एपीएनवर (फोनला कंपनीच्या मोबाइल डेटाशी जोडणाऱ्या सेटिंगवर) आहे: ‘एपीएन टाइप’मध्ये फक्त ‘default,supl’ आहे, ‘dun’ (हॉटस्पॉट-टेदरिंगसाठीचा प्रकार) नाही. जुना एपीएन बदलता येत नाही. तीच माहिती भरून, ‘एपीएन टाइप’च्या शेवटी स्वल्पविराम देऊन ‘dun’ जोडलेला नवा एपीएन केला तर चालेल का? की एपीएनचा प्रोटोकॉल ‘आयपीव्ही४/आयपीव्ही६’ करून आधी बघावं? जाणकारांनी कृपया सांगा, मुलांचा अभ्यास अडलाय.