दुर्बिणीचा डेटा: आधी निरीक्षकाचा की लगेच सर्वांचा?

मूळ मुद्दा
नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर ज्याचा प्रस्ताव मंजूर होतो, त्याच्यासाठी निरीक्षणांचा डेटा १८ महिने राखीव राहतो आणि नंतर तो जगभरातील संशोधकांना खुला होतो. तत्त्व मला मान्य आहे, मुदत मात्र पीएच.डी. करणाऱ्यांसाठी अपुरी वाटते. कमी वारंवारितेच्या निरीक्षणांतून विजेच्या तारांसारखे मानवनिर्मित व्यत्यय गाळणे आणि आयनांबरामुळे (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे) जागेवरून हललेली प्रतिमा सावरणे, एवढे शिकण्यातच नवख्याचे पहिले वर्ष सरते. अनुभवी गट तेच काम फार लवकर उरकतो. १५० मेगाहर्ट्झवरच्या टीजीएसएस या जीएमआरटीच्या आकाश-सर्वेक्षणाचेच पाहा. निरीक्षणे २०१० ते २०१२ या काळात झाली, पण जवळपास संपूर्ण सर्वेक्षणातील रेडिओ स्रोतांची सूची २०१७ मध्ये शोधनिबंधरूपाने आणली ती संग्रहातील खुला डेटा घेऊन काम करणाऱ्या, मुख्यतः परदेशी संस्थांमधील दुसऱ्याच गटाने. आता संदर्भ त्यांचाच दिला जातो.

प्रतिसाद १
आपले उदाहरण आपल्याच विरुद्ध जाते. मूळ गटाने काही भाग आधी प्रसिद्ध केला होता, हे खरे. परंतु ९० टक्के आकाश आणि सहा लाखांहून अधिक स्रोत एकाच सूचीत आले ते डेटा खुला होता म्हणूनच. त्या प्रतिमा पाहून ‘रॅड ॲट होम’ या नागरिक-विज्ञान उपक्रमातील पदवीचे विद्यार्थी आकाशगंगा धुंडाळतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना स्वतःच्या नावावर दुर्बिणीचा वेळ कधी मिळाला असता असे मला वाटत नाही. दुर्बीण जनतेच्या पैशांवर चालते. १८ महिन्यांची सवलतही मला उदारच वाटते.

प्रतिसाद २
दोघेही मुदतीवर भांडत आहात, आणि दुखणे संशोधनाच्या मोजमापात आहे. मी महाविद्यालयात शिकवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या प्राध्यापकांच्या नेमणूक-बढतीविषयीच्या २०१८ च्या नियमावलीतील संशोधनगुणांच्या तक्त्यात विज्ञानाच्या शोधनिबंधाला ८ गुण आहेत. लेखक दोनपेक्षा अधिक असतील, तर मुख्य लेखकाला ७० टक्के आणि सहलेखकाला ३० टक्के. म्हणजे सर्वेक्षणासाठी रात्री जागवून पंधरावा लेखक ठरलेल्याच्या पदरात त्या ८ पैकी २.४ गुण पडतात. नीट टिपणे जोडून खुल्या केलेल्या डेटासंचासाठी त्या तक्त्यात रकानाच नाही. (स्वयम्‌ या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचासाठी अभ्यासक्रम तयार केला, तर मात्र गुण आहेत.) जीएमआरटी चालवणाऱ्या एनसीआरए या संस्थेच्या संशोधकांनी जीएमआरटीच्या डेटावर प्रक्रिया करणारी ‘कॅप्चर’ ही संगणकप्रणाली खुली केली, तेव्हा तिच्यावर शोधनिबंधही लिहिला; तो लिहिला नसता, तर अशा तक्त्याच्या हिशेबी ते काम झालेच नसते.

मूळ लेखकाचे उत्तर
तक्त्याचा मुद्दा मी मान्य करतो, पण तो बदलेपर्यंत आज प्रबंध लिहिणाऱ्याने काय करायचे? निदान प्रबंधासाठीच्या निरीक्षणांना आणखी एक वर्ष राखीव ठेवावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रतिसाद १
त्याला माझा विरोध कायम आहे. ‘प्रबंधासाठी’ असा शिक्का प्रत्येक प्रस्तावावर मारला जाईल आणि त्या जादा वर्षाचा खरा लाभ मार्गदर्शकच घेतील. त्याऐवजी खुल्या डेटावर काम करणाऱ्याने मूळ प्रस्तावाचा क्रमांक आणि प्रस्तावकाचे नाव शोधनिबंधात नोंदवणे सक्तीचे करा. त्याला मी आजच पाठिंबा देईन.