टॉवेलवर वारली चौक विणायचा का?

जेकॉर्डवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिझाइनचं काम करतो. एका पार्टीने मोबाइलवर फोटो पाठवलाय. गेरूच्या भिंतीवर वारल्यांचा लग्नचौक, मधोमध पालघाट देवी, भोवती नक्षीचे पट्टे. हेच हुबेहूब टॉवेलवर पाहिजे, हॉटेलांना द्यायचंय. मालक रोज विचारायलेत, ग्राफ (विणायच्या नक्षीचा चौकटींवरचा आराखडा) झाला का म्हणून.

टेरीत, म्हणजे टॉवेलच्या फासेदार विणीत, बारीक रेघ लूपमध्ये बुडते आणि तिरकी रेघ पायऱ्या-पायऱ्यांची येते. ते निभावून नेऊ, त्रिकोण थोडे मोठे घेतले की झालं. दोन रंगांच्या जेकॉर्ड (विणीतच नक्षी असलेल्या) टॉवेलला मागून रंग उलटे पडतात, तेही चालवून घेईल पार्टी. पण या टॉवेलने कुणी तोंड पुसणार, कुणी पाय. आपल्या सिद्धेश्वराचे नंदीध्वज कुणी पायपुसण्यावर विणले, तर गड्डा यात्रेच्या दिवसांत त्या कारखानदाराला गावात फिरता येईल का? मग दुसऱ्याची देवी कशी चालते? का मी उगाच डोक्याला ताप करून घ्यायलोय?

रंगखडू
शाळेत चित्रकला शिकवायचो, आता निवृत्त. एवढं मनाला लावून घेऊ नका. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी वारली पाड्यांवर कागद नेला, तेव्हाच ही चित्रं भिंतीवरून उतरली. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी तर लग्नकार्य नसतानाही रोज चित्रं काढली. हे मुळात बायकांचं काम, ते एका पुरुषाने हातात घेतलं. आणि २०११ला त्यांना पद्मश्री मिळाली. कला घराबाहेर पडली की ती सगळ्यांची. शाळेच्या कुंपणावर मीच पोरांकडून वारली काढून घेत होतो.

डहाणूकर
सर, मशेंनी कागदावर काय काढायचं ते मशेंनी ठरवलं. इथं ठरवणारी पार्टी आहे. फरक तिथं आहे, भिंत की कागद की टॉवेल यात नाही.

आमच्याकडे लग्नघरी सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणून देवांना बोलावते. पालघाट त्यात येऊन बसते, मग लग्न लागतं. म्हणजे तो चौक शोभेचा नाही, त्यावाचून लग्नच होत नाही. तुमचा ग्राफ धाग्याला धागा बरोबर आला तरी त्यात हे काही नसणार. उलट जितका हुबेहूब, तितका मला तो खटकेल.

तारपा नाच घ्या की. मधे तारपा वाजवणारा, भोवती नाचणाऱ्यांची वेटोळी. शेत घ्या, माडावर चढणारा माणूस घ्या. यावर कुणाची हरकत मी तरी ऐकलेली नाही. आणि शक्य असेल तर चित्र एखाद्या वारली चित्रकाराकडूनच काढून घ्या, पैसे देऊन, नाव छापून. नेटवरचा फोटो कुणाच्या घरातला आहे, कुणाच्या लग्नातला, ते तुमच्या पार्टीला तरी माहीत आहे का?

पेठेतली_सूनबाई
सोलापूरकरांनी हे विचारावं याची गंमत वाटली. दुसरीकडे विणलेली चादर 'सोलापुरी' म्हणून विकली की आपण किती ओरडतो! भौगोलिक मानांकन आपल्या चादरीला आहे तसं वारली चित्रांनाही आहे. आपल्याला लागतं तेच त्यांना लागणार.

तरी डहाणूकरांचं मला पूर्ण पटत नाही. माझ्या माहेरी देव्हाऱ्यापुढच्या रांगोळीत गोपद्मं असतात, आणि तीच साडीच्या काठावरही बघितलीत. कुणी काही म्हणत नाही. देवाचं चिन्ह नेमकं कुठवर चालतं, याचा हिशेब आपल्याही घरात कुणी नीट मांडलेला नाही. पायपुसणं नको, एवढं मात्र नक्की.

जेकॉर्डवाला_सोलापूर
सगळ्यांचे आभार. सूनबाई, चादरीचं बोललात ते मालकांना वाचून दाखवलं, लगेच पटलं. देवीचं मी आठवडाभर सांगत होतो तेव्हा 'बघू' म्हणत होते!

चौक रद्द. तारप्याची वेटोळी ग्राफवर टाकून बघितली. टॉवेलच्या मधोमध बरी बसते, फक्त आतल्या फेरातली माणसं एकमेकांना चिकटायलीत, एक फेर कमी करावा लागणार. चित्रकाराचे पैसे द्यायला मालक तयार आहेत, पण त्याचं नाव घालायला पार्टी तयार नाही. चित्रकार मिळेपर्यंत लेबलवर 'वारली' लिहायचं नाही असं मी म्हटलं, तर पार्टी विचारते, मग 'आदिवासी डिझाइन' लिहू का? डहाणूकर, यावर काय उत्तर देऊ?